क्षणाचा निर्णय आणि त्याचें ऋण

कथाप्रधान व्हिडिओ गेमला कथावाङ्मयाच्या पंक्तीस बसवावें कीं नाहीं, या वादांत आम्ही आज पडत नाहीं. त्या प्रकारांतील एका युक्तीची परीक्षा करणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. कथेंतील पात्र पेचांत सापडतें, पडद्याच्या तळाशीं तीन-चार उत्तरें उमटतात, त्यांजवळची एक पट्टी भराभर आखडूं लागते, आणि ती संपण्यापूर्वीं खेळणाऱ्यानें एक उत्तर निवडावयाचें असतें. निवड झाली नाहीं तर मौन हेंच त्याचें उत्तर समजून कथा पुढें चालते. या युक्तीवर दोन आक्षेप घेण्यांत येतात. पहिला असा कीं, घाईंत केलेली निवड विचारपूर्वक झालेली नसते. तेव्हां तिच्यावरून माणसाची परीक्षा करणें अन्यायाचें आहे. दुसरा असा कीं, या निवडींचे परिणाम बहुधा खोटे असतात. कोणतीहि वाट धरली तरी गाडी अखेर एकाच स्टेशनावर जाऊन थांबते. दोन्ही आक्षेप वरवर पाहतां सबळ आहेत. परंतु परिणाम म्हणजे केवळ घटना, असें त्यांत गृहीत धरलेलें दिसतें. केलेल्या कृत्याचा जाब विचारणारें कोणी तरी मागें उरणें, हाहि परिणामच होय.

उदाहरणादाखल ‘द वॉकिंग डेड’ हा गेम घेऊं. रॉबर्ट कर्कमन यांच्या चित्रकथामालेंतील सृष्टि आधारास घेऊन कॅलिफोर्नियांतील टेलटेल गेम्स या संस्थेनें तो २०१२ सालीं पांच भागांत प्रसिद्ध केला. त्याचा नायक ली एव्हरेट हा जॉर्जिया विद्यापीठांतील इतिहासाचा अध्यापक. पत्नीशीं संबंध ठेवणाऱ्या एका सिनेटरास ठार केल्याबद्दल तो दोषी ठरला असून पोलिसांच्या गाडींतून तुरुंगाकडे चालला आहे. त्याच वेळीं मेलेलीं माणसें उठून जिवंतांवर तुटून पडूं लागतात, गाडीला अपघात होतो, आणि आईबापांपासून ताटातूट झालेली क्लेमेंटाइन नांवाची आठ वर्षांची मुलगी लीच्या पदरांत पडते. म्हणजे ज्याच्या हातून खेळणाऱ्यानें निर्णय करावयाचे, तो स्वतःच संतापाच्या एका क्षणाचें फळ भोगीत आहे. नायकाची ही योजना मार्मिक आहे.

पहिल्याच भागांत एका शेतावर मृतांची धाड येते. शेतमालकाचा तरुण मुलगा शॉन ट्रॅक्टरखालीं अडकला आहे, आणि तेथेंच केनी नांवाच्या सोबत्याचा लहान मुलगा डक संकटांत आहे. ली कोणाकडेहि धांवला तरी डक वांचतो व शॉन मरतो. आक्षेपक विचारील, मग निवडीचा उपयोग काय? उपयोग असा कीं, त्या दोन मुलांना बाप आहेत. ली आपल्या मुलाकडे धांवला कीं दुसरीकडे, हें केनी विसरत नाहीं. पुढें चौथ्या भागाच्या अखेरीस, नाहींशा झालेल्या क्लेमेंटाइनचा शोध घ्यावयास केनी येतो कीं नाहीं, तें अशा सांठत गेलेल्या आठवणींवर ठरतें. मेलेल्यांची यादी बदलत नाहीं. माणसांमधील नातें बदलतें. कादंबरींत तरी आपण याहून निराळें काय शोधतों?

घाईच्या आक्षेपाचें उत्तर दुसऱ्या भागांत मिळतें. ली आणि केनी, लिली आणि तिचा बाप लॅरी हे मांस ठेवण्याच्या एका थंड कोठडींत कोंडले गेले आहेत. लॅरी हृदयविकारानें कोसळतो. या जगांत मेलेला प्रत्येक माणूस उठतो. म्हणून केनीला त्याचें डोकें तत्काळ ठेचावयाचें आहे, तर लिली बापाची छाती दाबून त्याला परत आणूं पाहत आहे. ली कोणाला हात देणार? वेळ थोडा आहे खरा; पण विचारास अवधि मिळाला नाहीं, असें म्हणतां येणार नाहीं. हा लॅरी पहिल्या भागांत लीला मृतांच्या तोंडीं देऊन निघून गेलेला, आणि केनी त्याच प्रसंगीं त्याला वांचविणारा. दोघांविषयीं खेळणाऱ्याचें मत केव्हांपासून बनत आलेलें असतें. पट्टी आखडूं लागते तेव्हां तिला नवा विचार नको असतो. झालेल्या विचारांतून कसला माणूस घडला, एवढेंच तिला पाहावयाचें असतें. सवड मिळती तर खेळणाऱ्यानें आपणांस शोभेसें उत्तर शोधून काढलें असतें.

आपणांस ही गोष्ट अपरिचित नाहीं. दशरथानें अंधारांत घागर बुडण्याचा आवाज ऐकला, हत्ती समजून बाण सोडला, आणि श्रावणबाळ पडला. निर्णय निमिषाचा, त्याचा जाब मात्र राम वनांत गेल्यावर, मरणशय्येवर. मधल्या काळांत राज्य चाललें, पुत्र झाले, त्यांचे विवाह झाले. आंधळ्या मातापित्यांचा शाप मुकाट्यानें वाट पाहत राहिला. काळाचा हाच उपयोग ‘द वॉकिंग डेड’च्या कर्त्यांनीं ओळखला आहे. दुसऱ्या भागाच्या शेवटीं उपाशी टोळीला रानांत अन्नानें भरलेली एक बेवारशी मोटार दिसते. लीनें हात लावो वा न लावो, टोळी अन्न नेतेच. पांचव्या भागांत त्या मोटारीचा मालक, क्लेमेंटाइनला पळवून नेल्यावर, सव्हाना शहरांतील एका हॉटेलच्या खोलींत लीसमोर बसतो आणि त्याच्या मागच्या कृत्यांचा पाढा वाचतो. खेळणारा जें विसरला होता तें येथें दुसऱ्याच्या तोंडून त्याच्यापुढें येतें. आमच्या मतें या गेमचें श्रेष्ठत्व त्या खोलींत आहे.

तथापि दोष झाकण्याचें कारण नाहीं. पहिल्या भागांतील औषधांच्या दुकानांत कार्ली आणि डग यांपैकीं एकालाच वांचवितां येतें. ही निवड खरी आहे. पण तिसऱ्या भागांत वांचलेलें माणूस, मग तें कोणीहि असो, लिलीच्या गोळीनें मरतें. यानें कर्ज फिटलें नाहीं, वहीच फाडली गेली. ‘क्लेमेंटाइन हें लक्षांत ठेवील’ अशी सूचना कोपऱ्यांत वारंवार झळकते. त्यांतील पुष्कळ सूचनांचें पुढें कांहींच होत नाहीं. तिसरा दोष भाषेचा असून तो मराठी खेळणाऱ्यास विशेष जाचतो. परभाषेंतील चार उत्तरें वाचण्यांतच निम्मी पट्टी संपली, तर परीक्षा शीलाची न होतां इंग्रजीची होते. याच संस्थेच्या, २०१३ सालीं सुरू झालेल्या ‘द वुल्फ अमंग अस’ या गेममध्यें ‘ग्लास हिम’ असें दोन शब्दांचें एक उत्तर आहे. समोरच्यास पेय द्यावें, अशा समजुतीनें तें निवडणारे खेळाडू निघाले, आणि नायकानें त्या माणसाच्या तोंडावर पेला फोडला! उत्तराचा अर्थच अंधारांत ठेवून परिणाम खेळणाऱ्याच्या माथीं मारणें हा न्याय नव्हे.

मग घड्याळावांचून हें साधणार नाहीं काय? डोन्टनॉड या फ्रेंच संस्थेच्या २०१५ सालच्या ‘लाइफ इज स्ट्रेंज’ या गेमची नायिका मॅक्स हिला काळ मागें फिरवितां येतो. दिलेलें उत्तर पसंत पडलें नाहीं तर तें पुन्हां द्यावें. दुसऱ्या भागांत मात्र तिची मैत्रीण केट जीव देण्यासाठीं वसतिगृहाच्या गच्चीच्या कडेवर उभी राहते, आणि नेमकी तेथेंच मॅक्सची शक्ति आटते. केट मागें फिरेल कीं नाहीं, तें तिच्या घरच्या माणसांकडे व तिच्या श्रद्धेकडे खेळणाऱ्यानें पूर्वीं किती लक्ष दिलें होतें, यावर पुष्कळसें अवलंबून आहे. यावरून दिसेल कीं, घड्याळ हें केवळ एक साधन आहे. थेंबानें गेलेलें हौदानें परत येत नाहीं, ही जाणीव खेळणाऱ्यास होणें हें साध्य आहे.

तेव्हां अशा गेमची पारख करतांना तीन गोष्टी पाहाव्या: पेच येण्यापूर्वीं माणसें ओळखीचीं झालीं काय, उत्तराचा अर्थ निवडतांना स्पष्ट होता काय, आणि निवडीचा जाब विचारावयास पुढें कोणी आलें काय. मूळ टेलटेल संस्थेचें काम २०१८ सालीं थांबलें, पण तिची युक्ति इतरांनीं उचलली आहे. म्हणून ही कसोटी हाताशीं असावी. ‘द वॉकिंग डेड’चा शेवट तिला उतरतो. लीला मृताचा दंश झाला आहे, त्याचें मरण ठरलेलें आहे. क्लेमेंटाइननें आपणांस गोळी घालावी कीं तसेंच सोडून जावें, एवढेंच सांगावयाचें उरलें आहे. कांहींहि सांगितलें तरी ली मरणारच. पण त्या पोरीनें जन्मभर कोणती आठवण वागवावी, तें खेळणाऱ्यानें त्या थोड्या क्षणांत ठरविलेलें असतें.