पाच मिनिटांचं बेट

कागदाचं विमान सोडताना आपण ते जसं धरतो, अंगठा आणि बोटं पोटाखाली आणि नाक किंचित वर, तसाच रिमोट धरायचा. निन्टेन्डोच्या ‘वी स्पोर्ट्स रिसॉर्ट’मधल्या ‘आयलंड फ्लायओव्हर’ या खेळात शिकायचं ते जवळजवळ इतकंच. मनगट डावीकडे कललं की पडद्यावरचं विमान डावीकडे कलतं. नाक खाली दाबलं की ते खालच्या वूहू बेटाच्या दिशेने झेपावतं. वेग वाढवायला-कमी करायला बटणं आहेत, पण थोड्या वेळाने त्यांचा विसर पडतो, कारण सगळं लक्ष मनगटात आणि समोरच्या निळ्या-हिरव्या बेटात गेलेलं असतं. 2009 सालच्या या छोट्याशा खेळाला मी व्हिडिओ गेममधल्या सर्वांत सुंदर रचनांपैकी एक मानतो.

त्याचं सौंदर्य कुठे आहे हे कळायला खरं विमान कसं चालतं ते आधी पाहायला हवं. वैमानिक स्टिक डावीकडे झुकवतो तेव्हा डाव्या पंखाच्या मागच्या कडेची झडप वर होते, उजव्या पंखाची खाली जाते आणि विमान कलू लागतं. स्टिक तशीच धरली तर ते कलतच राहतं. हवा तेवढा कल आला की स्टिक पुन्हा मध्यावर आणावी लागते. म्हणजे स्टिकने किती कलायचं हे सांगता येत नाही, किती वेगाने कलायचं एवढंच सांगता येतं. संगणकावरचे काटेकोर फ्लाइट सिम्युलेटर हेच इमानाने शिकवतात आणि नवख्याचे सुरुवातीचे कित्येक तास ही सवय अंगवळणी पडण्यात जातात. आयलंड फ्लायओव्हरने मधली ही पायरीच काढून टाकली. हात कललेला असेल तोवर विमान कललेलं. हात सरळ झाला की विमान सरळ. यंत्र चालवण्याची जाणीव गळून पडते आणि उरतो तो हवेत तरंगणारा आपलाच तळहात.

तरीही उडण्याचं मूळ सत्य त्याने सोडलेलं नाही. विमान वळतं ते कलल्यामुळे. पंखांना वर उचलणारा जोर तिरका होतो आणि विमानाला वळणाच्या आत ओढतो. इथेही वळायचं तर आधी कलावं लागतं. अरुंद घळीत शिरण्यापूर्वी बराच आधीपासून कल धरून ठेवावा लागतो, आणि ते जमलं की पोटात एक गोड गोळा येतो. वैमानिकाचं ज्ञान वगळून वैमानिकाचं सुख तेवढं ठेवायचं, हा निवड करणाऱ्याचा मोठा विवेक आहे.

या खेळाला वाट पाहावी लागली, हेही सांगायला हवं. वी कन्सोल बाजारात येण्यापूर्वी, मे 2006 मध्ये लॉस एंजेलिसच्या ई3 प्रदर्शनात, रिमोट असाच धरून उडवायच्या विमानाचा नमुना दाखवला गेला होता. वर्षअखेरीस ‘वी स्पोर्ट्स’ आला तेव्हा त्यात टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ आणि बॉक्सिंग होतं; विमान नव्हतं. त्या पहिल्या रिमोटमध्ये हालचाल ओळखायला मुख्यतः ॲक्सेलरोमीटर होता. हात स्थिर असला की गुरुत्वाकर्षणाच्या दिशेवरून त्याला कल ओळखता येतो. पण हात झटक्याने हलला की झटका आणि गुरुत्वाकर्षण त्याच्या लेखी एकत्र मिसळतात. शिवाय रिमोट आडवा ठेवून नुसता डावीउजवीकडे फिरवला तर खालची दिशा बदलतच नाही, त्यामुळे ते फिरणं त्याला दिसतच नाही. 2009 मध्ये रिमोटच्या तळाशी जोडायचा ‘मोशनप्लस’ नावाचा लहानसा तुकडा आला. त्यात जायरोस्कोप होता, तिन्ही अक्षांभोवती फिरण्याचा वेग मोजणारा. त्याचीही एक उणीव आहे: बारीक चुका साचत जातात आणि हळूहळू सरळचं तिरकं होतं. म्हणून हा खेळ रिमोट क्षणभर सपाट पृष्ठभागावर पालथा ठेवायला सांगतो. एक संवेदक झटपट पण भरकटणारा, दुसरा गोंधळणारा पण खालची दिशा न विसरणारा. दोघांनी एकमेकांना सावरलं आणि मग कुठे मनगटाला पंख फुटले.

आणि उडून पाहायचं काय? वूहू बेट. ते पहिल्यांदा दिसलं 2007 च्या ‘वी फिट’मध्ये, पळण्याच्या वाटेपुरतं. इथे ते पूर्ण उलगडतं. मधोमध माका वूहू हा ज्वालामुखी, कोकोबा हॉटेल, समरस्टोन धबधबा, ‘कँडल’ नावाचा उंच मनोरा, पलीकडे गोल्फचं वेज बेट. रिसॉर्टमधल्या बारा क्रीडाप्रकारांत ज्या जागा आपण जमिनीवरून पाहिलेल्या असतात, त्या आता खालून सरकतात. जिथे तलवारबाजीत हरलो तो कडा वरून एवढासा दिसतो. सुट्या सुट्या खेळांच्या जागा एकाच बेटावर शेजारी शेजारी नांदताहेत, हे इथे वरून पाहताना खरं वाटू लागतं.

बेटावर माहितीच्या 80 जागा विखुरल्या आहेत. त्यांतून विमान नेलं की त्या ठिकाणाचं नाव आणि दोन ओळींची माहिती मिळते. रचनाकाराची नजर मला इथे सर्वांत जास्त जाणवते. काही जागा मोकळ्या आभाळात, सहज सापडणाऱ्या. काही पुलाखाली, काही खडकांच्या फटीत. उत्सुकतेने आपण खाली उतरतो आणि खाली उतरता उतरता आपोआप चांगलं उडू लागतो. कुठेही धडा म्हणून धडा नाही. एका फेरीला फक्त पाच मिनिटं मिळतात. आधी ही कंजुषी वाटते. पण याच मर्यादेमुळे प्रत्येक फेरीआधी आज कुठे जायचं हे ठरवावं लागतं. उत्तरेचा किनारा की ज्वालामुखीचं तोंड? सापडलेल्या जागांची नोंद राहते, त्यामुळे बेट थोडं थोडं ओळखीचं होत जातं, नव्या गावात राहायला गेल्यावर गल्ल्या ओळखीच्या होतात तसं.

खेळत राहिलं की दिवसाच्या जोडीला संध्याकाळ आणि रात्रही उघडते. संध्याकाळी पाणी सोनेरी होतं. रात्री हॉटेल आणि गाव दिव्यांनी उजळतं आणि डोंगराचा काळा आकार अंदाजाने चुकवावा लागतो. बेट तेच, हात तोच, पण उडण्याची लय बदलते.

दोघांनी एकमेकांच्या विमानाला बांधलेले फुगे फोडायचा ‘डॉगफाइट’ही रिसॉर्टमध्ये आहे. तो मजेचा आहे, त्याहून अधिक नाही.

उणिवा आहेत. जमिनीवरून उड्डाण घेणं नाही, उतरणं नाही, वाऱ्याशी झुंज नाही. निन्टेन्डोनेच 2011 मध्ये याच बेटावर ‘पायलटविंग्ज रिसॉर्ट’ हा खेळ हातात धरायच्या थ्रीडीएस यंत्रासाठी काढला. त्यात जेटपॅक आहे, हँग ग्लायडर आहे, उतरण्याची कसोटीही आहे. उड्डाणाचा खेळ म्हणून तो अधिक भरीव आहे, हे मान्यच करायला हवं. पण तिथे विमान अंगठ्याखालच्या चकतीवर चालतं. बोटांच्या चिमटीतलं विमान तिथे नाही, आणि ते नसलं की माझ्यासाठी वूहू बेटाची अर्धी जादू जाते.

तुमच्या घरात, एखाद्या नातेवाइकाकडे, कपाटाच्या वरच्या खणात जुना वी पडून असेल तर तो खाली काढा. मोशनप्लसचा तुकडा सोबत आहे ना ते बघा, रिमोटमध्ये नवे दोन पेन्सिल सेल घाला. मोहीम म्हणून 80 जागा शोधायला लगेच निघू नका. पहिली फेरी नुसतं बेटाभोवती फिरण्यात घालवा, आणि शक्य असेल तर रिमोट घरातल्या अशा माणसाच्या हातात द्या, ज्याने आयुष्यात कधी व्हिडिओ गेम खेळलेला नाही.