कपाळावरची टिकली : अलंकार कीं ओळख ?

अंगावर चिकटवावयाचे खडे, आठवड्याभरांत पुसून जाणारीं गोंदणचित्रें आणि टिकल्यांचीं पाकिटें यांचा व्यापार आज जगभर पसरला आहे. त्याबरोबर एक वादहि पसरला आहे. एका समाजाचें चिन्ह दुसऱ्यानें केवळ शोभेसाठीं अंगावर मिरवावें कीं नाहीं, असा हा वाद आहे. एक पक्ष म्हणतो, सौंदर्यावर कोणाची मालकी नसते. दुसरा म्हणतो, आमचें तें आमचेंच, इतरांनीं त्यास हात लावूं नये. आमच्या मतें दोन्ही पक्षांनीं प्रश्न भलत्याच टोकानें धरला आहे.

दुसऱ्या पक्षाचें म्हणणें प्रथम पाहूं. अलंकारांचा इतिहास हा देवघेवीचा इतिहास आहे. नथ ही आज महाराष्ट्रीय स्त्रीची खूण समजली जाते. परंतु पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांतील विद्वान कै. परशुराम कृष्ण गोडे यांनीं नथेच्या प्राचीनत्वाचा शोध घेतला, तेव्हां सुमारें इ. स. १००० पूर्वींच्या संस्कृत वाङ्मयांत वा शिल्पांत तिचा निश्चित पुरावा त्यांस आढळला नाहीं. मेंदीहि एकट्या आमचीच नव्हे. मोरोक्कोपासून सुदानपर्यंतच्या स्त्रिया तिनें हात रंगवीत आल्या आहेत. मराठी लग्नांतला मेंदीचा थाटाचा समारंभ तर अलीकडे उत्तरेकडून आला. उसनें घेणें हाच अपराध ठरला तर आमचें निम्में लग्नघर आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें करावें लागेल.

परंतु एवढ्यानें पहिला पक्ष जिंकला असें होत नाहीं. १९८७ सालीं अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यांतील जर्सी सिटी येथें 'डॉटबस्टर्स' असें नांव घेतलेल्या टोळीचें धमकीपत्र तेथील वृत्तपत्रांत प्रसिद्ध झालें. 'डॉट' म्हणजे आमच्या स्त्रियांच्या कपाळावरील कुंकू. आणि भारतीयांस तेथून हुसकून लावण्याची ती धमकी होती. त्याच वर्षीं शेजारच्या होबोकेन शहरीं एका पारशी तरुणास टोळक्यानें मारहाण केली व तींत त्याचा अंत झाला. द्वेष करणारा पंथभेद पाहत बसत नाहीं.

यानंतर अवघ्या दहा-अकरा वर्षांत तीच टिकली पाश्चात्य गायिकांच्या कपाळीं चमकूं लागली. १९९८ सालीं मॅडोनाचे मेंदीनें रंगलेले हात लोकांनीं पाहिले, आणि दुकानांतून मेंदीचे संच विकले जाऊं लागले. २०१३ सालीं सेलिना गोमेझ हिनें गाण्याच्या कार्यक्रमांत टिकली लावली, तेव्हां कांहीं हिंदु मंडळींनीं धर्माचा अवमान झाला म्हणून निषेध केला. या निषेधाचा नेम चुकला, असें आम्हांस वाटतें. टिकली लावल्यानें धर्म बाटत नाहीं. शल्य निराळें आहे. ज्या चिन्हापायीं एका बाईस रस्त्यानें जातांना खालीं मान घालावी लागली, तेंच दुसरीनें एका रात्रीच्या जलशापुरतें लावावें व सकाळीं धुऊन टाकावें. पहिलीस तें परकेपणाचें लक्षण ठरावें, दुसरीस रसिकतेचें! किंमत एकीनें मोजावी आणि शोभा दुसरीनें मिरवावी, ही विषमता मनास बोचते.

न्यूझीलंडच्या माओरी लोकांनीं या प्रश्नाचा विचार फार स्पष्टपणें केला आहे. त्यांच्या 'ता मोको' या गोंदणांत कुळ व वंशावळ कोरलेली असते. तें अंगावर घेणें म्हणजे दुसऱ्याचें नांव धारण करणें होय. तरीहि त्यांनीं परक्यांस दार बंद केलेलें नाहीं. जिच्यांत वंशाचा अर्थ नाहीं अशा शोभेच्या नक्षीस ते 'किरितुही' म्हणतात, आणि ती इतरांसहि घेतां येते. अलंकार कोणता आणि ओळख कोणती, हा भेद येथें ज्यांचें चिन्ह त्यांनींच करून दिला आहे. तो न ओळखल्यामुळें मोठमोठे व्यापारीहि फसले. २०१३ सालीं नायकी कंपनीनें सामोआच्या पुरुषांच्या 'पेआ' गोंदणाची नक्षी स्त्रियांच्या व्यायामवस्त्रांवर छापली. २०१६ सालीं डिस्नी कंपनीनें 'मोआना' चित्रपटांतील माउई या पात्राचा मुलांसाठीं पोशाख काढला. तो म्हणजे तपकिरी कातडीसारखें, गोंदणांनीं भरलेलें वस्त्रच होतें. ओरड झाल्यावर दोन्ही माल बाजारांतून परत घ्यावे लागले.

येथवर आमच्या वाचकांनीं मान डोलाविली असेल. आतां हेंच माप घरीं लावून पाहूं. आमच्या आज्या-पणज्या मेणावर कुंकू रेखीत. पुढें चिकटणारी टिकली आली, आणि साडीच्या रंगाप्रमाणें ती बदलूं लागली. तींत कांहीं वाईट झालें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु कुंकू हें आमचें पवित्र चिन्ह, असें जगास बजावणाऱ्या समाजानें तें विधवेच्या कपाळावरून मात्र निर्दयपणें पुसलें. कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड ग्रामपंचायतीनें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र काढून घेणें या चालींविरुद्ध ठराव केला, तो २०२२ सालीं. परक्या गायिकेनें टिकली लावली म्हणून आम्ही संतापलों, आणि शेजारच्या बाईस ती लावूं न देणारी रूढि मात्र निमूटपणें पाळीत राहिलों.

गोंदणाचीहि हीच कथा. कातकरी, ठाकर, गोंड आणि खेड्यांतील कष्टकरी स्त्रियांच्या कपाळावर, हनुवटीवर, हातांवर गोंदण असे. सोनेंनाणें येथेंच राहतें, मेल्यावर सोबत येतें तें गोंदणच, अशी त्यांची श्रद्धा. शिकल्यासवरल्या घरांनीं त्या हिरव्या ठिपक्यांस अडाणीपणाची खूण मानलें, आणि कित्येक मुलींनीं तीं लाजेनें पदराआड लपविलीं. आतां त्याच घरांतील मुलें 'ट्रायबल' नांवाची नक्षी दंडावर चिकटवून सहलीस जातात. जर्सी सिटींतील भारतीय बाईचें शल्य आणि या कातकरी बाईचें शल्य एकाच जातीचें आहे. फरक इतकाच कीं, या दुसऱ्या प्रसंगीं मॅडोनाच्या जागीं आम्ही स्वतः उभे आहों.

तेव्हां बंदीची भाषा कोणीच बोलूं नये. जिच्या अंगावरील नक्षी आपणांस आवडली, तिच्यासाठीं ती शोभा आहे कीं ओळख, हें तिलाच विचारावें. आणि तिला आपल्या पंक्तीस मानानें बसवावयास आपली तयारी आहे काय, हें मनास विचारावें. तेवढी तयारी असेल तर नक्षी खुशाल घ्यावी. ती नसेल, तर आपण त्या नक्षीचे रसिक आहों असें तरी म्हणवून घेऊं नये.