ड्रोन-प्रतिमांतील वस्तुशोध आणि दृश्यमानता : एक चिकित्सा

दारव्हा तालुका ज्या यवतमाळ जिल्ह्यात मोडतो, त्याच जिल्ह्यातील पांढरकवडा-राळेगाव परिसरात २०१८ साली 'टी-१' अर्थात अवनी या वाघिणीचा शोध अनेक आठवडे सुरू होता. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता. मोहिमेत ड्रोन व औष्णिक कॅमेरेही वापरले गेले. २ नोव्हेंबरच्या रात्री तिला लागलेली गोळी मात्र जमिनीवरूनच सुटली. ड्रोन-प्रतिमांतील वस्तुशोधाच्या संशोधनाची चिकित्सा या प्रसंगापासून सुरू करणे उचित ठरेल.

धुक्यात वस्तू व पार्श्वभूमी यांतील तफावत अंतरानुसार घातांकी प्रमाणात घटते, हे कोश्मीडर यांनी १९२४ मध्येच मांडले. औष्णिक कॅमेऱ्याला अंधाराची अडचण नसते. परंतु पावसाळ्यानंतरच्या दाट झुडपांची पाने त्यालाही अडवितात आणि ऑक्टोबरच्या उन्हात तापलेली जमीन प्राण्याच्या देहतापमानाजवळ पोहोचते. म्हणजे दृश्यमानता हा केवळ प्रकाशाचा प्रश्न नव्हे.

या क्षेत्रातील बहुचर्चित प्रतिमासंग्रह याच वर्षीचे आहेत. 'व्हिसड्रोन'मध्ये दहा वर्ग आहेत, ते सर्व माणसे व वाहने यांचे. 'यूएव्हीडीटी'मध्ये दिवस, रात्र व धुके अशी स्वतंत्र नोंद आहे, ही त्याची जमेची बाजू; पण वर्ग तीनच : मोटार, ट्रक, बस. दोन्ही संग्रह चिनी शहरांतले. तुरीच्या शेतातील गुराखी किंवा झुडपाआडचे जनावर त्यांत शोधूनही सापडणार नाही.

धुके पुसणाऱ्या पद्धतींविषयीचा उत्साहही तपासून घ्यावा लागेल. हे, सुन व तांग यांची २००९ ची पद्धत असे गृहीत धरते, की धुके नसलेल्या प्रतिमेच्या जवळपास प्रत्येक लहान भागात एखादा तरी रंग अतिशय मंद असतो. जिनिंगच्या आवारातील कापसाची गंजी हे गृहीतक मोडीत काढते. पांढरा ढीग धुके समजला जातो. शिवाय डोळ्यांना सुखावणारी प्रतिमा शोधक-प्रणालीला उपयुक्त असेलच असे नाही. धुक्याने गिळलेला तपशील परत येत नाही, उलट प्रतिमेतील गोंगाट वाढतो.

खरा आक्षेप मूल्यमापनावर आहे. स्वच्छ उन्हातील व धुक्यातील निकाल एकत्र करून एकच सरासरी अचूकता छापली जाते. स्वच्छ प्रतिमा संख्येने अधिक असल्या, की धुक्यातले अपयश त्या आकड्यात सहज लपते. चुकलेली वाघीण आणि वाघीण समजलेली गाय यांची किंमतही हा आकडा वेगळी दाखवीत नाही. पहाटे शेतावर निघालेल्या माणसाला ती फार वेगळी असते.