बरणीमागचा हिशेब

नाताळ अंकाच्या अखेरच्या पानांवर घरगुती वाइनची कृती छापण्याचा प्रघात आपल्या समाजात रुळलेला आहे. वसईच्या वाडीतून, मुंबईच्या ईस्ट इंडियन घरांतून आणि गोव्याच्या माजघरांतून ही परंपरा आली, आणि तिच्याबरोबर हा छोटा लेखनप्रकारही आला. काळी द्राक्षे, साखर, मूठभर गहू, थोडे यीस्ट, चिनी मातीची बरणी आणि एकवीस दिवस: इतक्या सामग्रीवर हा प्रकार वर्षानुवर्षे उभा आहे. त्याकडे साहित्य म्हणून कुणी पाहत नाही. आम्हांला मात्र वाटते की जे लेखन घराघरांत वाचले जाते आणि ज्याबरहुकूम माणसे खिशातले पैसे मोडतात, त्याची समीक्षा व्हायलाच हवी.

या कृतींचा पहिला गुण त्यांची प्रसन्नता. आजीच्या हाताची चव, बरणीला बांधलेले पांढरे फडके, पाहुण्यांपुढे आलेले छोटे पेले हे सारे त्यांत नेटके उतरते. दोष त्याच प्रसन्नतेच्या आड दडलेला आहे. वेळ, जागा आणि पैसा हे तीन शब्द या लेखनात जवळजवळ येतच नाहीत. छंद जणू आकाशातून पडतो आणि घर त्याला आपोआप वाट करून देते!

हा दोष पारखण्यासाठी आम्ही कनेरगाव नाका हे गाव डोळ्यांपुढे ठेवतो. हिंगोली आणि वाशीम जिल्ह्यांच्या हद्दीवरचे हे ठिकाण. 1948 पर्यंत याच बाजूला निजामाचे राज्य संपून वऱ्हाड सुरू होत असे. नाक्यावर येणाऱ्याला तीन प्रश्न विचारायचे असतात: माल काय, किती, आणि कुणाचा? उंबरठ्याशी आलेल्या छंदालाही हेच प्रश्न विचारावेत, एवढेच आमचे म्हणणे आहे.

प्रथम वेळ. एकवीस दिवसांची कृती आगमनकाळाच्या चार आठवड्यांत बरोबर बसते. तिची लोकप्रियता बहुधा याच सोयीत आहे. पण महाराष्ट्रात द्राक्षाचा मुख्य हंगाम जानेवारी ते एप्रिल. म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात बरणी भरणारा गृहस्थ महाग फळ घेतो आणि नाताळला कोवळी, गढूळ वाइन पितो. स्वस्त फळ हवे तर हंगामात बरणी भरावी लागते. मात्र मार्च सरला की मराठवाड्याचा पारा चाळिशीकडे धावतो, आणि त्या उष्म्यात यीस्ट मरगळते, रस आंबून शिरका होण्याचे भय वाढते. उरतो फेब्रुवारी. फळ आवाक्यात आलेले असते आणि रात्री अजून गार असतात. तेव्हा भरलेली बरणी गाळून, निवळून, उपवासकाळ आणि पावसाळा ओलांडून नाताळापर्यंत थांबते. डिसेंबरात छापलेली कृती खऱ्या अर्थाने फेब्रुवारीत लागते, ही साधी गोष्ट आमच्या वाचनात आलेल्या एकाही कृतीत नाही. अंकाचे वेळापत्रक फळाच्या वेळापत्रकावर कुरघोडी करते, ती अशी.

मग जागा. पाच किलो द्राक्षांतून सुमारे तीन लिटर वाइन हाती लागते. परंतु आंबताना साली वर येतात, फेस चढतो, म्हणून बरणीचा एक तृतीयांश भाग रिकामा ठेवावा लागतो. साखरेची दारू होताना कार्बन डायऑक्साइड वायूही सुटतो; झाकण घट्ट आवळले तर बरणी फुटू शकते. तांब्या-पितळेचे किंवा ॲल्युमिनियमचे भांडे चालत नाही. अंधारी, गार, न हलणारी जागा लागते. पत्र्याच्या दोन खोल्यांच्या घरात असा कोपरा एकच, आणि तिथे आधीच धान्याची कोठी किंवा पाण्याची पिंपे असतात. काना गावच्या लग्नघरी दगडाच्या सहा रांजणांना जागा होती. आपल्या वाचकांपैकी किती घरांत एका बरणीला आहे, याचा विचार लेखकाने करायला नको काय?

पैशाविषयी तर मौनच असते. फळ, साखर, बरणी, बाटल्या यांची बेरीज कुणी मांडत नाही. ज्या घरात सोयाबीन किंवा हळद विकल्यावर वर्षातून एकदाच रोकड येते, तिथे छंदाचा पैसा कोणत्या खर्चातून वळवायचा, हा पाककृतीच्या बाहेरचा प्रश्न नव्हे. तीही सामग्रीच आहे.

या मौनाला मराठीतच चोख उत्तर मिळालेले आहे. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने (1970) वाटी-चमच्याच्या मापात स्वयंपाक सांगितला आणि नवख्या गृहिणीला आधार दिला. अंदाजाने घालण्याऐवजी मोजून घालणे हा वाचकाचा सन्मान आहे, हे त्या पुस्तकाने दाखवले. आमच्या वाइनलेखकांनी साखर मोजली. घर मात्र मोजले नाही.

छंदाची मोठी उदाहरणे सांगतानाही आपण हेच करतो. कवी अज्ञातवासी म्हणजे दिनकर गंगाधर केळकर (1896–1990) यांनी चष्म्यांचा व्यवसाय सांभाळून दिवे, अडकित्ते, वज्र्या, दौती, वाद्ये जमवली. बालपणीच निवर्तलेल्या राजा या मुलाच्या नावाने पुण्यात संग्रहालय उभे राहिले आणि 1975 मध्ये त्यांनी ते महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. वस्तूंची संख्या वीस हजारांच्या घरात जाते. ही कथा सांगताना आपण त्यागाने भारावतो. पण जमवलेली प्रत्येक वस्तू आधी एका राहत्या घरात आली आणि पत्नी कमलाबाईंनी तिच्यासह संसार केला, हे एका ओळीत उरकतो. छंद एकाचा आणि अडचण सर्वांची असेल, तर श्रेयही सर्वांचे हवे.

याच्या उलट बाजूला ‘स्मृतिचित्रे’ आहे. त्याचा पहिला भाग 1934 साली निघाला. रेव्हरंड टिळकांचे काव्यवेड आणि त्यांचा सढळ हात यांची किंमत तिथे खुद्द ती मोजणाऱ्या लक्ष्मीबाईच सांगतात. त्या हसत सांगतात, म्हणून हिशेब खोटा ठरत नाही. उलट टिळक अधिक खरे, अधिक प्रिय वाटतात. छंदाविषयीच्या लेखनाला यापेक्षा चांगला धडा आम्हांला ठाऊक नाही.

नाक्यावरचा तिसरा प्रश्न, ‘कुणाचा माल?’, वाइनच्या बाबतीत अधिक गंभीर होतो. ही वेदीवरची वाइन नव्हे. ख्रिस्तयागासाठी केवळ द्राक्षाची, नैसर्गिक आणि न बिघडलेली वाइन लागते, असे 1983 च्या धर्मसंहितेचे 924 वे कलम सांगते. साखर-गव्हाच्या बरणीने त्या पावित्र्याची सावली उसनी घेऊ नये. शिवाय 1949 च्या दारूबंदी अधिनियमानुसार महाराष्ट्रात परवान्यावाचून मद्य तयार करता येत नाही. राज्य उत्पादन शुल्क कार्यालयात चौकशी केल्याशिवाय बरणी भरू नये, हे वाक्य कृतीच्या पहिल्या ओळीत हवे. आणि ज्या घरात कुणी दारूशी झुंजत असेल, तिथे हा छंद नकोच. एका माणसाच्या हौसेसाठी दुसऱ्याची लढाई कठीण करणे ही कला नव्हे. त्याच बरणीत आवळ्याचा मुरंबा किंवा लिंबाचे लोणचे घातले तरी मोजण्याचा, वाट पाहण्याचा आणि वाटून खाण्याचा आनंद तोच राहतो.

छंद ही चैन आहे, असे आमचे मत नाही. राबणाऱ्या माणसालाही स्वतःच्या हाताने, नफ्याशिवाय काही घडवण्याची भूक असते. ती भागवायला घराने जागा द्यावी. परंतु ती मागून घ्यावी, गृहीत धरू नये. फेब्रुवारीत, बरणी आणण्यापूर्वी, घरातल्या सर्वांनी बसून तीन आकडे कागदावर मांडावेत: आठवड्याचे किती तास, कोणता कोपरा आणि किती रुपये. तास कुणाच्या कामातून कापले जाणार, हेही त्याच कागदावर यावे.

येत्या नाताळ अंकासाठी कृती लिहिणाऱ्यांकडे आमची एवढीच मागणी आहे. आजीच्या हाताची चव जरूर लिहा. पण आजीने ती बरणी कुठे ठेवली होती, तिच्यासाठी पैसे कुठून काढले होते, आणि ती बरणी ढवळत असताना चुलीपुढे कोण बसले होते, तेही लिहा. मग ती कृती वसईत जितकी खरी, तितकीच कनेरगाव नाक्यावरही खरी ठरेल.