तंबाखूच्या मिश्रणाची रसिकता आणि सोलापूरची विडी : एक चिकित्सा

प्रास्ताविक :
तंबाखूच्या आस्वादाची चर्चा प्रामुख्याने पाइपच्या शौकिनांमधील मतभेदांभोवती फिरते. व्हर्जिनिया तंबाखूची अंगभूत गोडी श्रेष्ठ मानणारा एक वर्ग आहे. लाकडाच्या धुरावर मुरविलेल्या लटाकियाशिवाय मिश्रण अपुरे समजणारा दुसरा, तर वरून दिलेला सुगंध हा पानाचा दोष झाकण्यासाठीच असतो, असे म्हणणारा तिसरा वर्ग आहे. या वादात मिश्रणकाराला कर्त्याचे स्थान मिळते. आल्फ्रेड डनहिल यांनी 1907 मध्ये लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर दुकान उघडले. तेथे ग्राहकाच्या आवडीनुसार सिद्ध केलेले मिश्रण वहीत नोंदविले जात असे. हीच कसोटी सोलापूरच्या विडीला लावली असता काय दिसते, याचा विचार येथे केला आहे.

विवेचन :
विडीमागेही मिश्रणाचे शास्त्र आहे. निपाणी परिसर आणि गुजरातमधील चरोतर ही विडीच्या तंबाखूची प्रमुख क्षेत्रे होत. निरनिराळ्या प्रतींचा जर्दा एकत्र करून कारखानदार आपल्या छापाची चव कायम राखतो. ओढणाऱ्यांतही मतभेद असतात. कोणाला कडक विडी हवी असते, कोणाला हलकी. कोणी आयुष्यभर एकच छाप सोडत नाही. मात्र हे मिश्रण करणारा अनामिक राहतो आणि चवीचे सारे श्रेय छापाला जाते.

तथापि विडीची चव केवळ जर्द्यावर ठरत नाही. भिजविलेले तेंदूपान मापाने कापणे, त्यावर जर्दा सारखा पसरणे, पान वळणे, तोंड मुडपणे आणि दोरा बांधणे ही सर्व कामे हाताने होतात. वळण सैल असेल तर विडी भरभर जळते. फार घट्ट असेल तर ओढ लागत नाही आणि ती विझते. पाइप भरण्याचे कौशल्य शौकीन स्वतःचे म्हणून अभिमानाने सांगतो. विडीत तेच कौशल्य वळणाऱ्या स्त्रीचे असते. सोलापुरात ही स्त्री बहुधा तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकर कुटुंबातील असते. तिच्या हाताची दखल घेतली जाते ती मुख्यतः सदोष विड्या छाट म्हणून बाजूला काढताना.

श्रमाचा प्रश्न आस्वादापासून वेगळा ठेवावा, असा आक्षेप येथे संभवतो. परंतु ज्या श्रमावर आस्वादच अवलंबून आहे, तो त्याच्या समीक्षेबाहेर ठेवता येत नाही. शिवाय त्या हाताला मजुरी मिळते ती हजार विड्यांच्या हिशेबाने. जी कधी विडी ओढत नाही, तिच्याही शरीरात तंबाखूची धूळ श्वासावाटे आणि निकोटिन त्वचेवाटे जाते. या श्रमाची दखल चवीच्या चर्चेने नव्हे, तर कायद्याने आणि चळवळीने घेतली. विडी व सिगार कामगारांसाठी 1966 मध्ये स्वतंत्र कायदा झाला. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालील लढ्यातून कुंभारी येथे विडी कामगार स्त्रियांची 10,000 घरांची वसाहत 2006 मध्ये पूर्ण झाली. तिला गोदूताई परुळेकर यांचे नाव आहे.

समारोप :
पाइपच्या रसिकतेने मिश्रणकाराला नाव दिले. विडीच्या रसिकतेला छापापलीकडे पाहता आले नाही. विडी आरोग्यास घातकच आहे आणि तिचा गौरव करणे हा या चिकित्सेचा हेतू नाही. परंतु चवीविषयी मत देणाऱ्याने ती कोणाच्या हातून आली आणि त्या हाताने तिची कोणती किंमत मोजली, हेही विचारणे आवश्यक ठरते. सोलापुरात तरी या प्रश्नाशिवाय तंबाखूची समीक्षा अपुरीच राहील.