कीटकनाशकांची मराठी : एक चिकित्सा

कल्याण, मुरबाड, शहापूर या तालुक्यांतील भातखाचरांत पावसाळ्याच्या आरंभी जे लहान, काळसर खेकडे दिसू लागतात त्यांना त्या बाजूच्या बोलीत ‘मुठे’ म्हणतात. ते कालवणाला उपयोगी पडतात. आणि बांधाला बिळे पाडून खाचरातील पाणी वाहून घालवतात म्हणून शेतकऱ्याला नकोसेही असतात. एकाच प्राण्याविषयीची ही दुहेरी भावना बोलीत सुखाने नांदते. शेतीविषयक पत्रकांत मात्र ‘मुठे’ नाहीसे होऊन ‘खेकड्यांचा उपद्रव’ अवतरतो, आणि त्यावर उपाय म्हणून शिजवलेला भात, गूळ व कीटकनाशक यांचे ‘विषारी आमिष’ सुचविले जाते. येथे विषाला विष म्हटले आहे. पण त्याच जातीचे द्रव्य पंपात भरून पिकावर सोडले की त्याचे नाव ‘औषध’ होते. द्रव्य बदलले नाही. बदलला तो केवळ त्याचा वाक्यातील संबंधी. खेकड्याच्या संबंधात जे विष, ते भाताच्या संबंधात औषध. मराठीत कीटकनाशकांविषयी जे जे लिहिले व बोलले जाते त्याच्या मुळाशी ही योजना आहे, आणि वन्य जीवांच्या हानीचा प्रश्न ज्या अडचणीत सापडला आहे तिचा एक भाग या योजनेतून उद्भवलेला आहे.

‘औषध’ शब्दाचा हा अर्थविस्तार केवळ मराठीचा दोष नव्हे. हिंदीत ‘दवा’ हा शब्द हेच काम करतो; चिनी व जपानी भाषांत तर कीटकनाशकाचे रूढ नावच ‘शेतीचे औषध’ अशा अर्थाच्या सामासिक शब्दाने बनलेले आहे. मराठीत त्यापूर्वीच उंदरांचे औषध, ढेकणांचे औषध हे प्रयोग रुळलेले होते. ‘तापाचे औषध’ या शब्दबंधात षष्ठीने जो निवारणसंबंध दाखविला जातो, तोच येथे प्राण्याला लागू झाला : ताप जसा जावयाचा, तसा उंदीरही जावयाचा. प्राणी हाच रोग ठरला. ‘रसायन’ शब्दाची गतीही पाहण्याजोगी आहे. आयुर्वेदात बल व आयुष्य वाढविणाऱ्या योगांना रसायन म्हणत; आज शेतकरी ज्याला रसायन म्हणतो त्याच्या डब्यावर कवटीचे चित्र असते.

यावर असा आक्षेप संभवतो की, शब्दाने कोणी फसत नाही. तो बऱ्याच अंशी खराही आहे. जो शेतकरी फवाऱ्याच्या द्रव्याला औषध म्हणतो, तोच ‘औषध पिऊन जीव दिला’ असेही म्हणतो, आणि ऐकणाऱ्याचा क्षणभरही गैरसमज होत नाही. वृत्तपत्रांनी तर ‘विषारी औषध प्राशन करून’ असा एक विलक्षण वदतोव्याघात घडविला असून तो आता कोणाला खटकतही नाही. भाषा विचार घडविते असे सरसकट विधान करणाऱ्यांनी हे उदाहरण अवश्य ध्यानात घ्यावे. शब्दाचा अर्थ लोकांस ठाऊक असतो. उणीव असते ती वाक्यात.

‘पिकावर औषध मारले’ हे वाक्य पाहावे. ‘मारणे’ या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत : प्राण घेणे आणि जोराने टाकणे वा लावणे. येथे दुसरा अर्थ असल्यामुळे ‘औषध’ हे कर्म होते व ‘पीक’ हे अधिकरण. जो खरोखर मरतो त्याला वाक्यात जागाच उरत नाही. ‘फवारणी’, ‘धुरळणी’, ‘बीजप्रक्रिया’ ही भाववाचक नामे आणखी पुढे जातात. त्यांत मरणाची पुसट खूणही नाही. दुसऱ्या टोकाला बातमीचे वाक्य असते : ‘मोर मृतावस्थेत आढळले.’ ‘आढळणे’ या क्रियापदाला मारणाऱ्याची अपेक्षाच नाही. पहिल्या वाक्यात मृत नाही, दुसऱ्यात कारण नाही. आणि ही दोन वाक्ये एकाच शेताविषयी असली तरी त्यांना जोडणारे तिसरे वाक्य सहसा लिहिले जात नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करणारे वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले, तेव्हाही ‘फवारणीतून विषबाधा’ असाच शब्दप्रयोग सर्वत्र झाला. माणसांच्या बाबतीत निदान ‘विष’ हे अक्षर तरी आले. पाखरांच्या वाट्याला तेवढेही येत नाही.

‘कीटकनाशक’ हा शास्त्रीय शब्द या दोषातून मुक्त आहे, असे समजले जाते. तसे नाही. या उपपद तत्पुरुषात नाशाचे कर्म समासाच्या पूर्वपदानेच ठरवून टाकले आहे : कीटकांचा नाश करणारे, म्हणजे इतरांचा न करणारे, असा ध्वनी त्यातून निघतो. हे बंधन समास पाळतो, द्रव्य पाळत नाही. रेचल कार्सन या लेखिकेने १९६२ सालच्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या ग्रंथात नेमक्या याच मुद्द्यावर इंग्रजी संज्ञेला हरकत घेतली होती आणि ‘जीवनाशक’ अशा अर्थाची संज्ञा सुचविली होती. मराठीत ‘कीडनाशक’ हाही पर्याय प्रचलित आहे. ‘कीटक’ हे प्राण्याच्या वर्गाचे नाव; ‘कीड’ हे माणसाच्या तक्रारीचे. मधमाशी कीटक आहे, कीड नाही. त्यामुळे ‘कीटकनाशक’ हा शब्द नकळत थोडा प्रामाणिक राहतो, कारण त्यात मधमाशीही मरते. ‘कीडनाशक’ तिला वगळल्याचा भास निर्माण करतो. पारिभाषिक कोशकारांनी दुसऱ्या शब्दाला अधिक शास्त्रशुद्ध मानावे, हे चमत्कारिक आहे.

कायद्याची स्थिती याहून फारशी वेगळी नाही. १९६८ च्या कीटकनाशक अधिनियमाच्या व्याख्येत बुरशीनाशके व तणनाशकेही येतात. म्हणजे येथे नाव लहान व वस्तू मोठी आहे. त्या अधिनियमाखालील १९७१ च्या नियमांनी डब्यांवर तांबडा, पिवळा, निळा व हिरवा अशा रंगांच्या चिन्हांची योजना केली. हे रंग ठरतात ते प्रयोगशाळेतील सस्तन प्राण्याला मारण्यास किती मात्रा लागते यावरून. सिंथेटिक पायरेथ्रॉइड वर्गातील द्रव्ये माणसाला तुलनेने कमी, पण मासे, खेकडे व मधमाश्या यांना अत्यंत घातक असतात. ओढ्यातील माशाच्या दृष्टीने त्या डब्यावरील रंग ही एक निरर्थक खूण होय. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने मात्र ‘शिकार’ या संज्ञेत विष घालून मारणेही अंतर्भूत केले आहे. परंतु शिकारीला शिकारी लागतो, आणि फवारणीच्या वाक्यात तो नसतो.

तिसरे वाक्य जेव्हा लिहिले गेले, तेव्हा काय घडले याचे दोन दाखले देता येतात. १९८७ ते १९९० या काळात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात अठरा सारस क्रौंच मेले. शवांची तपासणी होऊन आल्ड्रिन हे कारण ठरले, आणि १९९६ मध्ये आल्ड्रिन भारतात बंद झाले. (क्रौंचाच्या मृत्यूने एके काळी आदिकाव्य जन्मास घातले, या वेळी एक शोधनिबंध जन्मला, आणि पक्ष्यांच्या दृष्टीने तो कमी मोलाचा नव्हता.) दुसरा दाखला गिधाडांचा. त्यांच्या ऱ्हासाबद्दल प्रारंभी कीटकनाशकांवर व साथीच्या रोगावर संशय होता. २००४ साली सिद्ध झाले की, गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक त्यांना मारीत होते. २००६ मध्ये गुरांसाठी त्याचा वापर बंद करण्यात आला. ते शब्दशः औषधच होते, ही गोष्ट येथे नोंदण्यासारखी आहे. दोन्ही ठिकाणी एक द्रव्य, एक पक्षी व एक क्रियापद यांचे पूर्ण वाक्य तयार झाले होते.

डीडीटीचे प्रकरण इतके सरळ नाही. कल्याणहून फार दूर नसलेल्या रसायनी येथे सरकारी कारखान्यात ते तयार होत असे. शेतीतील त्याचा वापर १९८९ मध्ये बंद झाला, हिवतापाच्या निर्मूलनासाठी चालू राहिला. शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे त्यामुळे पातळ होतात हे तत्पूर्वीच जगभर मान्य झाले होते. एकच द्रव्य येथे बंद आणि तेथे चालू असले की ‘बंदी’ या शब्दाचा अर्थही पातळ होतो. यवतमाळच्या घटनेनंतर राज्य शासनाने काही कीटकनाशकांवर बंदी घातली, ती साठ दिवसांची होती. राज्याला कायद्याने तेवढाच मुख्य अधिकार आहे.

मे २०२० मध्ये केंद्र शासनाने सत्तावीस कीटकनाशकांच्या बंदीचा जो मसुदा प्रसिद्ध केला, त्यात द्रव्यांच्या नावांपुढे कारणे दिलेली होती, आणि त्यांत मधमाश्या, पक्षी व जलचर यांचा स्पष्ट निर्देश होता. सरकारी गद्यात क्वचित आढळणारी ती पूर्ण वाक्ये होती. २०२३ च्या अंतिम आदेशात त्या यादीतील पुष्कळच थोडी नावे उरली. केंद्राचे राजपत्र हिंदीत व इंग्रजीत निघते. मुरबाडच्या दुकानापर्यंत त्यातले पोहोचते ते इतकेच की, अमुक औषध बंद झाले. आणि मराठीत ‘औषध बंद झाले’ याचा रूढ अर्थ रोगी बरा झाला, किंवा त्याची आशा सुटली, असा होतो.