थपडेच्या गोष्टीआड गेलेल्या ललिता पवार

ललिता पवारांवरचा कोणताही लेख काढा. पहिल्या नाहीतर दुसऱ्या परिच्छेदात थप्पड येतेच. १९४२च्या सुमारास 'जंग-ए-आझादी'चे चित्रीकरण चालू होते, मास्टर भगवान यांनी प्रसंगाची गरज म्हणून मारलेली थप्पड फार जोरात बसली, चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली आणि डावा डोळा कायमचा बारीक झाला. नायिका संपली, खाष्ट सासू जन्मली. मग लेखक 'शापातून वरदान' असे काहीतरी म्हणतो आणि उडी मारून थेट 'रामायण' मालिकेतल्या मंथरेवर उतरतो. मूकपटापासून दूरदर्शनपर्यंत पसरलेली कारकीर्द अशी एका थपडेत बसवली जाते.

थप्पड खरी आहे. तिच्यावर एवढा भार टाकणे मला मान्य नाही. एक तर 'वरदान' हा शब्द खटकतो. कामाच्या जागी एका बाईला कायमची दुखापत झाली. गिरणीत कुणाचे बोट तुटले आणि पुढे तो उत्तम कारकून झाला, तर बोट तुटले हे बरे झाले असे आपण म्हणत नाही. नटीच्या बाबतीत मात्र सहज म्हणतो, कारण दुखापतीचा लाभ आपल्याला, प्रेक्षकांना, झालेला असतो.

दुसरे म्हणजे काळाचा हिशेब. त्या तीन वर्षे उपचार घेत पडद्यापासून दूर होत्या, असे नेहमी सांगतात. पण प्रभातचा 'रामशास्त्री' १९४४ साली आला आणि त्यात आनंदीबाई ललिता पवारांनीच केली. वर्षभराचा फरक किरकोळ वाटेल. मला महत्त्वाची वाटते ती भूमिका. प्रभात ही त्या काळातली कडक शिस्तीची संस्था, 'रामशास्त्री' हा तिचा महत्त्वाकांक्षी ऐतिहासिक चित्रपट, आणि 'ध'चा 'मा' जिच्या नावावर कायमचा जमा झाला ती आनंदीबाई ही मराठी माणसाच्या मनातली सर्वांत काळी बाई. अशी भूमिका कुणी दयेपोटी देत नाही. (आनंदीबाई आमच्या जिल्ह्याची लेक, गुहागरकडच्या ओकांची. 'ध'चा 'मा' तिनेच केला याला भक्कम पुरावा नाही, असे अभ्यासक सांगतात. पण म्हणीपुढे पुराव्याचे काही चालत नाही.) नारायणरावाचा खून १७७३ सालचा. तेव्हापासून एका बाईवर चिकटलेले पातक दुसऱ्या बाईने अंगावर घेतले, तेही स्वतःचा चेहरा नुकताच बदललेला असताना. 'सासू जन्मली' या वाक्यात हे कुठेच बसत नाही.

त्याआधीचेही थोडे सांगायला हवे, कारण 'नायिका संपली' म्हणताना ती नायिका कोण होती हे कुणी सांगत नाही. पैठणीच्या येवल्यात १९१६ साली जन्मलेली अंबू सगुण लहानपणीच पुण्याच्या मूकपटांत आली. पुढे ती मारधाडीच्या पटांची नायिका झाली. मूकपटांचा आपल्याकडे जो सर्वनाश झाला त्यातून वाचलेल्या मोजक्या पटांत 'दिलेर जिगर' (१९३१) आहे, जी. पी. पवार यांनी दिग्दर्शित केलेला, आणि त्यात या बाई आहेत. १९३२च्या 'कैलास'च्या निर्मितीत त्यांचा वाटा होता. १९३८ साली त्यांनी 'दुनिया क्या है' काढला. त्याला आधार टॉलस्टॉयच्या 'रिझरेक्शन' या कादंबरीचा. कादंबरीतली मुलगी एका सरदाराकडून फसवली जाते, घसरत घसरत न्यायालयात पोचते, आणि न्याय द्यायला बसलेल्यांत तोच पुरुष असतो. बाविसाव्या वर्षी आपल्या पैशाने ही गोष्ट पडद्यावर आणाविशी वाटणारी बाई केवळ नशिबाच्या फटक्याने घडली, हे मला पटत नाही. काय करायचे आणि का, याचा विचार ती आधीपासून करत होती.

आता थपडेनंतरचे काम. माझे म्हणणे तपासायला १९५९ हे एकच वर्ष पुरेसे आहे. त्या वर्षी हृषीकेश मुखर्जींचा 'अनाडी' आला आणि बिमल रॉय यांचा 'सुजाता'ही. 'अनाडी'तली मिसेस डिसा ही घरमालकीण. बेकार चित्रकार भाडेकरूवर ती सारखी खेकसते आणि त्याची भूक मात्र तिला सोसवत नाही. पुढे भेसळीच्या औषधाने तिचा जीव जातो आणि विष घातल्याचा आळ त्याच भाडेकरूवर येतो. 'सुजाता'तली गिरिबाला ही सोवळ्यातली म्हातारी. अस्पृश्य आईबापांची मुलगी घरात वाढते आहे, हे तिला सहन होत नाही. डोळा तोच, वर्षही तेच. एकीच्या खेकसण्यात माया ऐकू येते, दुसरीच्या गोड बोलण्यातही काटा लागतो. डोळ्याने जर दुष्टपणा येत असता तर मिसेस डिसा जमलीच नसती.

दोन्ही भूमिका लागोपाठ पाहिल्या की फरक आवाजात सापडतो. मिसेस डिसाचा आवाज वर चढतो तेव्हा वाक्याचा शेवट सैल पडतो, रागाला तिथे गळती लागते. गिरिबालेचा आवाज चढतच नाही. आपलेच खरे आहे याची खात्री असलेल्या माणसाला ओरडावे लागत नाही, हे या अभिनेत्रीने नेमके हेरले आहे. मी चित्रपटाचे शिक्षण घेतलेले नाही. आरे-वाऱ्यासारख्या ठिकाणी बसून, जुन्या तबकड्या आणि मोबाइलचा पडदा यांवर जेवढे पुन्हा पुन्हा पाहता येते तेवढे पाहते. छोट्या पडद्यावर डोळा नीट दिसतही नाही. त्यामुळे असेल, मी ऐकायला लागले.

'सुजाता'त गिरिबालेसमोर सुलोचनाबाई आहेत, मुलीला वाढवणारी आई म्हणून. एका बंगाली कथेच्या उंबऱ्याच्या दोन बाजूंना दोन मराठी अभिनेत्री, एक कर्मठ आणि एक द्विधा. हिंदी चित्रपटाने दोघींना चरित्र अभिनेत्री हा एकच शिक्का दिला आणि दोघींकडून किती वेगळे काम करून घेतले, याचा तौलनिक अभ्यास कुणा तरुणाने करावा. मी इथे त्यात शिरत नाही.

चार वर्षे मागे, १९५५कडे गेले की गोष्ट आणखी गुंतागुंतीची होते. 'श्री ४२०'मध्ये त्या केळीवाली गंगामाई आहेत, मुंबईच्या फुटपाथवरच्या माणसांची आई. त्याच वर्षीच्या गुरुदत्तच्या 'मिस्टर अँड मिसेस ५५'मध्ये त्या सीतादेवी आहेत, स्त्रियांच्या हक्कांसाठी सभा घेणारी, पुरुषांवर विश्वास नसलेली, श्रीमंत भाचीला लग्नापासून वाचवू पाहणारी आत्या. हिंदू विवाह कायदा १९५५चाच. घटस्फोटाचा हक्क बाईच्या हातात येत होता आणि त्याच सुमारास हा अत्यंत देखणा चित्रपट त्या हक्काची टिंगल करत होता. मला गुरुदत्त प्रिय आहेत, तरी हे म्हणायलाच हवे. सीतादेवी हास्यास्पद ठरावी अशी सगळी व्यवस्था पटकथेत आहे. ललिता पवार मात्र तिला हास्यास्पद करत नाहीत. त्या तिचे म्हणणे पूर्ण गांभीर्याने मांडतात. त्यामुळे आज चित्रपट पाहताना मधूनच वाटून जाते की बाई बोलतात त्यात चूक काय आहे? दिग्दर्शकाला अभिप्रेत नसलेली ही शंका अभिनेत्रीने पेरलेली आहे. सहायक भूमिकेतल्या नटाची खरी सत्ता असते ती इथे.

सासूच्या भूमिकांकडेही मी याच नजरेने पाहते. व्ही. शांताराम यांचा 'दहेज' १९५०चा, हुंडाबंदीचा कायदा १९६१चा. म्हणजे कायद्याच्या अकरा वर्षे आधी हुंडा मागणारी सासू पडद्यावर एवढी ओळखीची होती की तिला पाहून प्रेक्षक दात-ओठ खात होते. १९८०च्या 'सौ दिन सास के'पर्यंत तीस वर्षे ही सासू टिकली. या चित्रपटांनी हुंड्याचा सगळा दोष एका म्हातारीच्या स्वभावावर ढकलला. सासरा, नवरा, जमीन, पैसा हे सगळे सुटले, ही माझी जुनी तक्रार आहे. ती चित्रपटांवर आहे, अभिनेत्रीवर नाही. तिच्या वाट्याला आलेली सासू स्वतः कधीतरी सून होती, हे तिच्या घाईत, किल्ल्यांवरच्या पकडीत दिसत राहते. घरात जेवढी सत्ता हाताला लागली तेवढी घट्ट धरून बसलेली बाई आपण सगळ्यांनी पाहिलेली आहे.

मग लोकांनी अभिनेत्री आणि पात्र यांची गल्लत का केली? आमच्याकडे शिमग्यात नमन-खेळे होतात. काळ्या वेषातला, उंच टोपीचा, पांढऱ्या दाढीचा संकासूर आला की पोरे पळतात, पण आत कोण आहे हे त्यांना पक्के ठाऊक असते. सकाळी तोच माणूस शेतावर दिसतो. सोंग आणि माणूस वेगळे काढायची सवय आपल्या लोकनाट्याने प्रेक्षकाला लावली होती. सिनेमाच्या नटीला मात्र सकाळी शेतावर पाहता येत नाही. त्यात या बाईंच्या चेहऱ्यावर जखमेची खूण राहिलेली. प्रेक्षकांनी ती खूणच सोंग मानली, आणि लेखकांनीही.

२५ जानेवारी १९८७ पासून 'रामायण' सुरू झाले तेव्हा मी अकरावीत होते. वाडीत टीव्ही एका घरी, रविवारी सकाळी माजघरापासून पडवीपर्यंत माणसे बसलेली. मंथरा आली की बायका बोटे मोडायच्या. एकदा मात्र शेजारच्या एक वयस्क काकी हळूच म्हणाल्या, तिचे काय चुकले, ती माहेरची माणूस, तिला आपल्या मुलीची काळजी. काकींना अक्षरओळख नव्हती. वाल्मीकींनीही मंथरेला कैकेयीच्या माहेराहून आलेली दासी म्हटले आहे, हे मला फार नंतर वाचायला मिळाले. सवतीचा मुलगा गादीवर बसला तर आपल्या मालकिणीचे काय होणार, ही भीती मंथरेच्या कारस्थानाच्या मुळाशी आहे, आणि ललिता पवार आधी ती भीती दाखवतात, विष नंतर. १९६१च्या 'संपूर्ण रामायण'मध्येही मंथरा त्यांनीच केली होती. मधली पंचवीस-सव्वीस वर्षे ती दासी त्यांच्याजवळ राहिली होती असे मला वाटते. काकींपर्यंत पोचले ते त्या मुरलेपणामुळे.

'अनाडी'साठी त्यांना सहायक अभिनेत्रीचे फिल्मफेअर मिळाले, १९६१ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. २४ फेब्रुवारी १९९८ रोजी पुण्यात औंधला त्या गेल्या. तेव्हाच्या मृत्युलेखांतही डोळा होताच.

त्यांच्या कामाची सुरुवात कुठून करावी असे कुणी विचारले तर मी 'प्रोफेसर' (१९६२) सांगते. एक वर्ष आधी 'जंगली'त घरात हसायलाही बंदी घालणारी आई त्यांनी केली होती. इथेही पालक म्हणून त्या तशाच कडक. घरात शिकवायला आलेला म्हातारा प्रोफेसर हा वेषांतर केलेला तरुण शम्मी कपूर आहे, हे त्यांना माहीत नाही, आणि त्या हळूहळू त्याच्यात गुंतत जातात. प्रेक्षकाला हसवण्यासाठीच हे सगळे रचलेले. पण उतारवयात ही बाई नटायला लागते, पदर सारखा करते, लाजते, तेव्हा हसता हसता आपलेच आपल्याला ओशाळे वाटते. तिची फसवणूक चालली आहे आणि आपण त्या कटात सामील आहोत. तेव्हा कॅमेरा त्यांच्या चेहऱ्याच्या कोणत्या बाजूला आहे, हे मी तीनदा पाहूनही सांगू शकत नाही. माझे तिकडे लक्षच जात नाही.